बिलोली, बोधन, कंदकुर्ती, धर्माबाद : मांजरा-गोदावरी संगमाभोवती एका दिवसाची सायकलफेरी

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला मांजरा नदी गोदावरीला मिळते. हा संगम तेलंगणातल्या कंदकुर्ती या गावापाशी होतो. बिलोलीहून निघून या संगमाला पूर्ण वळसा घालत संध्याकाळी पुन्हा बिलोलीत पोहोचणारा एक रस्ता आहे. बिलोली, येसगी, बोधन, रेंजल, कंदकुर्ती, धर्माबाद, कुंडलवाडी आणि परत बिलोली असा त्याचा क्रम. एकूण अंतर साधारण ७५ ते ८५ किलोमीटर भरते. वाटेत घाट नाही. वर्षभर थोडीफार सायकल चालवणाऱ्याला हे अंतर दिवसभरात थांबत-थांबत सहज जमते.

या फेरीत तीन वेळा नदी ओलांडावी लागते. येसगीला मांजरा, कंदकुर्तीजवळ गोदावरी आणि धर्माबादहून कुंडलवाडीकडे येताना पुन्हा गोदावरी. तीनपैकी एक पूल जरी पाण्याखाली गेला तरी फेरी पूर्ण होत नाही, आणि मग आल्या वाटेने परतावे लागते. म्हणून इथे निघण्याआधी नकाशाइतकेच कॅलेंडर आणि धरणांचे विसर्गही पाहावे लागतात. नद्यांमध्ये त्या दिवशी किती पाणी असेल हे पावसाइतकेच निजामसागर, बाभळी आणि श्रीरामसागर या तीन ठिकाणच्या दरवाजांवर ठरते.

मांजरेची उलटी चाल

मांजरा बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते. धाराशिव आणि लातूरच्या बाजूने ती कर्नाटकात बिदर जिल्ह्यात जाते आणि तिथून तेलंगणात शिरते. इथपर्यंत तिची दिशा दख्खनच्या इतर नद्यांसारखी पूर्व-आग्नेयेची आहे. संगारेड्डीच्या बाजूला मात्र ती वळते आणि चक्क उत्तरेकडे वाहू लागते. ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवताना ती देगलूर आणि बिलोली तालुक्यांच्या कडेने महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा होऊन जाते. लातूरकरांना मांजरा म्हणजे धनेगावचे धरण आणि नळाला येणारे (किंवा न येणारे) पाणी आठवते. बिलोलीकरांची मांजरा वेगळी आहे. पात्र रुंद, दरड कमी आणि तळाला लाल रेती.

ही सीमा फार जुनी नाही. १९४८ पर्यंत नदीचे दोन्ही काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भाषेच्या आधाराने वाटणी झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. बिलोली आणि धर्माबाद इकडे राहिले. कागदावर रेघ पडली तरी सोयरिकी, बाजार आणि बोली तुटल्या नाहीत. कुंडलवाडी किंवा धर्माबादच्या बाजारात आजही एकाच दुकानात मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्ही ऐकू येतात, आणि गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलेल ते पाहून दुकानदार भाषा बदलतो.

बिलोली : दगडी मशिदीचे गाव

बिलोलीतली पाहण्याजोगी जुनी वास्तू म्हणजे दगडी मशीद. ती हजरत नवाब सरफराजखान शहीद यांच्या नावाने ओळखली जाते. सरफराजखान हा औरंगजेबाच्या सैन्यातला सरदार, म्हणजे बांधकाम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. दख्खनच्या लढायांच्या काळात मोगल सरदार अशा लहान ठाण्यांवरही कायमचे बांधकाम करत होते, याची ही एक खूण. सकाळी लवकर निघायचे असेल तर मशीद आदल्या संध्याकाळी पाहून ठेवावी. नमाजाची वेळ सोडून जावे आणि आत जाण्यापूर्वी तिथे असलेल्या कुणाला तरी विचारावे.

निघण्याची चांगली वेळ म्हणजे उजाडताच. बोधनच्या दिशेने आधी जाण्याची दोन कारणे आहेत. बिलोली ते बोधन हा या फेरीतला सर्वांत वर्दळीचा टप्पा, त्यामुळे ट्रक आणि टिप्पर वाढण्याआधी तो मागे पडलेला बरा. दुसरे म्हणजे हिवाळ्यात इथे वारा बहुधा ईशान्येकडून येतो. परतीचा रस्ता नैऋत्येकडे असल्याने थकल्या पायांना तो पाठीमागून थोडी मदत करतो. सकाळी सूर्य समोर येतो, त्याला इलाज नाही. टोपी किंवा गॉगल बरोबर असू द्या.

येसगीचा पूल आणि लाल रेती

बिलोलीहून थोड्याच वेळात येसगी लागते. इथे मांजरेवर निजामकालीन जुना पूल आहे. पलीकडे सालुरा, म्हणजे तेलंगणा. पुलावर थांबायचे तर सायकल पूर्ण कडेला घ्या, कारण याच रस्त्याने अवजड वाहने जातात.

येसगीचे नाव बांधकाम करणाऱ्यांना माहीत असते ते रेतीमुळे. मांजरेची ही लाल रेती गिलाव्यापासून काँक्रीटपर्यंत सगळ्याला चांगली मानली जाते आणि तिला दोन्ही राज्यांत मागणी आहे. येसगी, गंजगाव, कार्ला, सगरोळी या नदीकाठच्या गावांची नावे म्हणूनच रेतीघाटांच्या लिलावात आणि अवैध उपशाच्या बातम्यांत सतत येतात. सायकलवाल्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम आहेत. पहिला रस्त्यावर दिसतो: सांडलेली रेती आणि भरधाव टिप्पर. वळणावर रेतीत ब्रेक दाबला की चाक घसरते, म्हणून वेग आधीच कमी करायचा.

दुसरा परिणाम पाण्याखाली असतो आणि तो जास्त धोक्याचा आहे. यंत्राने उपसा झाला की पात्रात खोल खड्डे राहतात. वरून पाणी गुडघाभर दिसते, दोन पावले पुढे तळच नसतो. नदीकाठी वाढलेले, पोहणारे लोकही अशा खड्ड्यांत बुडतात. उन्हात सायकल चालवून आल्यावर पाण्यात उतरण्याचा मोह होतो. मांजरेत तो आवरावा. हात-पाय धुवायचे तर घाटावर, गावकरी जिथे उतरतात तिथेच.

रेती गेल्याने आणखी एक गोष्ट होते. रेती हा पाण्याचा साठा असतो. पावसाळ्यातले पाणी तिच्यात मुरते आणि काठच्या विहिरींना झिरपत राहते. रेतीचा थर खरवडून निघाला की पूर लवकर वाहून जातो आणि विहिरी लवकर खाली जातात. काठावरच्या शेतकऱ्याशी दोन मिनिटे बोललात तर हा विषय निघतोच.

पूल ओलांडल्यावर हिरवे का होते?

मांजरा ओलांडून पाच-सात किलोमीटर गेलात की शेत बदललेले जाणवते. अलीकडे सोयाबीन, कापूस, तूर. पलीकडे भाताची खाचरे, ऊस आणि हळद. माती दोन्हीकडे काळीच, पाऊसही एकच. फरक कालव्याचा आहे.

वरच्या अंगाला मांजरेवर निजामसागर धरण आहे. १९२३ ते १९३१ या काळात ते बांधले गेले. संस्थानचे मुख्य अभियंता नवाब अली नवाज जंग यांच्या नावाशी हे काम जोडलेले आहे. त्याचा कालवा नदीच्या उजव्या बाजूने बोधन आणि निजामाबादकडे गेला. डाव्या काठावरच्या बिलोलीला त्याचा फायदा झाला नाही. पुढे पंचवीस वर्षांनी नेमकी हीच नदी राज्याची सीमा झाली, आणि ओलिताचा फरक दोन राज्यांमधला फरक म्हणून दिसू लागला. मागच्या काही वर्षांत धर्माबाद आणि बिलोली तालुक्यांतल्या अनेक गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. तेलंगणातल्या शेतकरी योजनांचे आकर्षण हे त्याचे जवळचे कारण होते, पण येसगीचा पूल सायकलने ओलांडला की त्या मागणीची जुनी मुळेही डोळ्यांना दिसतात.

निजामसागरचे दुसरे टोक बोधनमध्ये आहे. कालव्यामुळे ऊस आला आणि १९३७ मध्ये बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. तिच्याभोवतीच्या वसाहतीचे नावच शक्करनगर. एके काळी आशियातल्या मोठ्या साखर कारखान्यांत तिची गणना होत असे. पुढे खासगीकरण झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये कारखाना बंद पडला. तो पुन्हा सुरू करण्याचे आश्वासन बोधनच्या राजकारणात अधूनमधून येत असते.

बोधन : अश्मकांची राजधानी असलेले गाव

बोधनमध्ये तास-दीड तास ठेवा. सोळा महाजनपदांपैकी गोदावरीच्या खोऱ्यातले, दक्षिणेतले एकमेव जनपद म्हणजे अश्मक. बौद्ध ग्रंथ त्याला अस्सक म्हणतात आणि राजधानीचे नाव पोतन किंवा पोतली असे देतात. हे पोतन म्हणजेच बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. जैन परंपरेतले बाहुबलीचे पोदनपूरही पुष्कळ जण इथेच दाखवतात. नंतरच्या काळात वेमुलवाडच्या चालुक्यांशी या गावाचा संबंध येतो.

आज पाहण्यासारखी वास्तू म्हणजे देवल मशीद. नावातच तिची कथा आहे. मुळात हे तारकाकृती तलविन्यासाचे देऊळ होते. तुघलकांच्या काळात त्याची मशीद झाली. दगडी खांबांची दाटी आणि त्यांवरचे कोरीवकाम अजून टिकून आहे. एका इमारतीत राष्ट्रकूट-चालुक्य काळातली घडण आणि चौदाव्या शतकातले राजकारण दोन्ही दिसते, म्हणून ही वास्तू घाईत पाहू नये.

नाश्त्यासाठी बोधन सोयीचे आहे. इडली, वडा, पुरी, चहा सकाळी सहज मिळतो. तेलुगू येत नसेल तर हिंदीवर काम भागते, आणि दखनी कानावर असेल तर गप्पाही होतात. पुढच्या टप्प्यात मोठे गाव नाही. पाण्याच्या बाटल्या इथेच भरून घ्या.

रेंजलमार्गे कंदकुर्ती

बोधनहून उत्तरेला रेंजलमार्गे कंदकुर्तीचा रस्ता सपाट, अरुंद आणि कमी वर्दळीचा आहे. फेरीतला सर्वांत सुखाचा टप्पा हाच. भात कापणीच्या दिवसांत मात्र शेतकरी धान वाळवायला डांबरी रस्त्याची अर्धी बाजू वापरतात. त्यावरून चाक न्यायचे नाही. ते लोकांचे वर्षाचे उत्पन्न असते.

कंदकुर्तीला मांजरा, गोदावरी आणि हरिद्रा यांचा संगम मानला जातो. हरिद्रा हा लहान प्रवाह आहे, पण त्याच्यामुळे संगमाला त्रिवेणीचे महत्त्व आले. कार्तिकात आणि महाशिवरात्रीला दोन्ही राज्यांतून लोक स्नानाला येतात, पुष्कर पर्वात तर खूपच. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांचे घराणे मूळचे इथले. ते पुढे नागपूरला स्थायिक झाले. गावात त्यांचे स्मारक आहे.

नदीपात्रात दगडी बांधणीचे जुने शिवमंदिर आहे, आणि या फेरीतले सर्वांत लक्षात राहणारे दृश्य तेच. पण ते कसे दिसेल हे तुम्ही कोणत्या महिन्यात जाता यावर अवलंबून आहे. खाली पोचमपाडला श्रीरामसागर धरण आहे. जुलै १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि त्याची पूर्ण पातळी १,०९१ फूट आहे. धरण भरले की फुगवटा कंदकुर्तीपर्यंत आणि त्याच्याही वर येतो. तेव्हा मंदिर पाण्याने वेढलेले असते, मोठ्या पुरात बुडते. उन्हाळ्यात पाणी उतरले की तेच मंदिर कोरड्या पात्रात उभे दिसते आणि चालत जाता येते. पाणी आणि मंदिर दोन्ही एकत्र पाहायचे असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ योग्य.

कंदकुर्तीचा गोदावरीवरचा आंतरराज्य पूल हा या फेरीतला सर्वांत नाजूक सांधा आहे. वरून गोदावरीचा पूर, बाजूने निजामसागरमधून सुटलेली मांजरा आणि खालून श्रीरामसागरचा फुगवटा असे तिन्ही एकदम जमले की पाणी पुलावर येते आणि वाहतूक बंद होते. ऑगस्ट २०२५ च्या पुरातही असेच झाले. बंद पुलावरून ‘सायकल तर आहे, उचलून नेऊ’ असा विचार करू नये. गुडघाभर वाहते पाणीही माणसाला ओढून नेते.

बाभळी : बंधाऱ्याच्या तारखा

पूल ओलांडून धर्माबादकडे आलात की पुन्हा महाराष्ट्र. धर्माबाद तालुक्यातच गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. १४ दरवाजांचा हा बंधारा दिसायला साधाच, पण त्याच्यावरून दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

वाद समजायला सोपा आहे. बंधारा महाराष्ट्राच्या हद्दीत आहे, पण तो ज्या जागी आहे तिथवर श्रीरामसागरचा फुगवटा येतो. आपल्या धरणातले पाणी महाराष्ट्र वरच्या वर अडवेल, असे तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचे म्हणणे होते. दोन राज्यांच्या १९७५ च्या करारानुसार पोचमपाडच्या वरच्या या भागात नव्या वापरासाठी आम्हाला ६० टीएमसी पाणी मिळाले आहे आणि बाभळीचे पाणी त्यातलेच, असे महाराष्ट्र सांगत होता. (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.) जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधाऱ्याकडे निघाले, तेव्हा त्यांना धर्माबादला अटक झाली. एवढ्या लहान गावाचे नाव त्या आठवड्यात देशभर गाजले.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंधारा राहिला, साठा २.७४ टीएमसीपर्यंत मर्यादित झाला आणि देखरेखीसाठी समिती नेमली गेली. सायकलवाल्याला उपयोगी पडणारा भाग पुढे आहे. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे पावसाळ्याचे पाणी न अडता खाली जाईल. त्यानंतर ते बंद करून जे पाणी येईल ते साठवायचे. १ मार्चला त्यातले ०.६ टीएमसी खाली सोडायचे.

धर्माबाद-बिलोलीच्या शेतकऱ्याची तक्रार या तारखांमध्येच आहे. नदी भरून वाहते तेव्हा दरवाजे उघडे, आणि दरवाजे बंद होतात तेव्हा पाऊस परतलेला. परतीचा पाऊस उशिरा पडला किंवा वरून पाणी आले तर बंधारा भरतो, नाहीतर रिकामाच राहतो. तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यात गेलात आणि महिनाभराने पुन्हा गेलात, तर गोदावरी दोन वेगळ्या नद्यांसारखी दिसेल. आधी वाहती, नंतर स्थिर. बंधाऱ्यावर प्रवेश आणि फोटो याबाबत तिथल्या रखवालदाराचे ऐकावे. जागा वादाची राहिल्याने ते सावध असतात.

धर्माबाद, कुंडलवाडी आणि परत

धर्माबादला पोहोचता तोवर दुपार झालेली असते. जेवण इथेच करावे. ज्वारीची भाकरी आणि ठेचा मिळाला तर तो कोणत्या मिरचीचा आहे हे विचारायची गरज नाही. धर्माबादची मोंढ्यातली लाल मिरची दूरवर जाते. हंगामात मिरचीच्या ढिगांजवळून सायकल काढताना शिंका येणारच, रुमाल हाताशी ठेवा.

गावाची वाढ रेल्वेमुळे झाली. हैदराबादहून मनमाडला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सुरू झाली. तेव्हा ती मीटरगेज होती. नावाप्रमाणे ती गोदावरीच्या खोऱ्याला धरून जाते आणि धर्माबादनंतर बासरजवळ नदी ओलांडते. नांदेड किंवा त्यापलीकडून येणाऱ्यांनी बिलोलीऐवजी धर्माबाद स्थानकावरून फेरी सुरू केली तरी चालते. मग क्रम तोच, फक्त सुरुवात वेगळी. पाय शिल्लक असतील आणि उजेड असेल तर बासरचे ज्ञानसरस्वती मंदिर इथून जवळ आहे. लहान मुलांना पाटीवर पहिले अक्षर गिरवायला तिथे आणतात. मात्र बासर जोडले की वीसहून जास्त किलोमीटर वाढतात. एकाच दिवसात दोन्ही उरकण्यापेक्षा धर्माबादला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बासरला जाणे चांगले.

धर्माबादहून कुंडलवाडीच्या रस्त्याला गोदावरी तिसरा पूल म्हणून येते. कुंडलवाडी हे नगर परिषद असलेले जुने बाजारगाव. चहाला थांबण्यापुरते, पण पंक्चर काढायलाही. या भागात बाभळी पुष्कळ आहेत आणि कडेच्या मातीत काटे पडलेले असतात. दोन जास्तीच्या ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या बरोबर असाव्यात. गावातल्या दुकानात साध्या सायकलची ट्यूब मिळते, गिअरच्या सायकलची मिळेलच असे नाही.

कुंडलवाडी ते बिलोली हा शेवटचा टप्पा छोटा आहे, पण याच वेळी शेतातून परतणाऱ्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि जनावरे रस्त्यावर असतात. डिसेंबर-जानेवारीत सहानंतर लगेच अंधार पडतो. मागचा लाल दिवा लावलेला असावा, आणि कुंडलवाडी साडेचारच्या आत सोडावी.

कधी जावे

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी हा योग्य काळ. पावसाळ्यात जायचेच असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी निजामसागर आणि श्रीरामसागरच्या विसर्गाची बातमी पाहा आणि कंदकुर्तीचा पूल चालू आहे का हे धर्माबाद किंवा रेंजलच्या बाजूला विचारून घ्या. पूल बंद असेल तर बिलोली ते बोधन आणि परत एवढाच, पन्नासेक किलोमीटरचा दिवस करावा. मार्चनंतर ऊन चढते आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी दहाच्या पुढे या सावली नसलेल्या रस्त्यांवर राहू नये.

होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहायची असतील तर ती या फेरीत बसवू नका. होट्टल देगलूरपासून आठेक किलोमीटरवर आहे, म्हणजे बिलोलीहून दक्षिणेला. सिद्धेश्वर मंदिराचे शिल्पकाम बारकाईने पाहायला अर्धा दिवस लागतो. त्यासाठी देगलूरला मुक्काम करून वेगळा दिवस काढावा.